रोहनच्या सूटची झिप

मे २००९, रविवार संध्याकाळ

रोहनच्या त्या वेग वाढवणाऱ्या, अंगाला घट्ट अमेरिकन स्विमसूटची झिप मी माझ्या हातानं ओढली, तिथेच सगळं फिरलं. पाठीवरची ती झिप एकट्याला लागत नाही, आणि आमच्या टँकवर शेजारच्या लेनवाल्यानं मदत करायची रीत आहे. "जोर लाव की, इंजिनिअर," म्हणाला. याच रेससाठी मी इंजिनिअरिंग कॉलेज सोडलं, हे त्याला माहीत होतं.

बोटभर अंतरानं हरलो. राज्याच्या टीममधली जागा त्याला.

"तू नाही, तुझा कपडा पोहला," मी म्हटलं.

"मग सांग ना तुझ्या बाबांना, तुलाही आणतील."

नाकावर ठोसा घातला. रक्त त्या कापडात मुरलंसुद्धा नाही, मण्यांसारखं घरंगळलं. आणखी मारावंसं वाटलं. खरं तर अजून वाटतंय.

त्या घट्ट सूटमध्ये त्याला श्वास घेता येईना. आमच्याच टँकवरची केतकी धावली. माझी केतकी, तिला अजून सांगितलेलं नसलं तरी. तिनं झिप उघडली. मी ओढलेली झिप. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "अहो, आपण निघा आता." आजवर अरे म्हणायची.

कोच सर म्हणतात, आजच रोहनच्या घरी जाऊन माफी माग, नाहीतर तुला टँक बंद. आईला सांगितलंय, माफी मागायला चाललोय. मूठ अजून उघडत नाही. वही ठेवतो, दार ओढून घेतो आणि जातो.