कॉलरच्या आतली लाल गाठ

मी, खाली सही करणारा, वय एकाहत्तर, धंदा शिंपीकाम, हे मृत्युपत्र स्वखुशीने आणि पूर्ण शुद्धीत लिहून ठेवत आहे. शुद्धीबद्दल घरात मतभेद असल्यामुळे डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे.

१. राहत्या दोन खोल्या पत्नीला. माझ्या घोरण्यातून सुटका होईल ती वेगळीच.

२. दुकानाविषयी. एके काळी इथे अकरा मशिनी चालायच्या. परदेशी कंपनीचे शर्ट आम्ही शिवायचो. कापड त्यांचे, बटणे त्यांची, भावही त्यांनीच ठरवायचा. मान तेवढी आमची मोडायची. प्रत्येक कॉलरच्या आत लाल दोऱ्याची एक गाठ मारायची माझी जुनी खोड. तपासणीच्या साहेबाने भिंग लावून ती शोधली, माल नापास केला आणि नापास म्हणून अर्ध्या भावात उचलून नेला. पुढच्या वर्षी काम दुसऱ्या देशात गेले. तिथले शिंपी आमच्याहून स्वस्त म्हणे. रागापेक्षा मला त्यांची काळजीच वाटली.

३. आता मेहुणा दुकानासमोर परदेशातून आलेले जुने कपडे विकतो. त्यामुळे माझ्याकडे नवे शिवायला कुणी येत नाही. येतात ते त्याच्याकडच्या पँटी आखूड करायला. एकदा त्याच्या ढिगात मला माझाच शर्ट सापडला.

"दाजी, बाहेरचा माल आहे हा. अशी शिलाई आपल्याकडे जमते का कुणाला?"

मी कॉलर उलटून गाठ दाखवली.

"मग तर घ्याच!" म्हणाला, आणि पैसे पूर्ण घेतले.

मी गेल्यावर तोच शर्ट माझ्या अंगात घालावा.

४. चिरंजीवांना दुकान मामाच्या गठ्ठ्यांसाठी भाड्याने द्यायचे आहे. दुपारपर्यंत झोपायची सवय मोडावी म्हणून त्यांना माझे गजराचे घड्याळ द्यावे. दुकान, कात्री आणि उरलेली एकुलती मशीन मुलीला. "बाबा, शाळेचे गणवेश तरी शिवू," असे ती म्हणते. चालेल की नाही, ठाऊक नाही. पण या दाराला कुलूप लागलेले मला मेल्यावरही बघवणार नाही.

साक्षीदार पहिले: डॉक्टर.
साक्षीदार दुसरे: मेहुणा. सही करताना यांनी विचारले, "दाजी, एवढा चांगला शर्ट वाया नाही का जाणार?" कलम तीन कायम.

ठिकाण: दुकानातले कापड बेतायचे टेबल.
दिनांक: १४ मार्च.
सही.

ता.क. पाने सुटू नयेत म्हणून मुलीने ती आत्ताच शिवून दिली. शिवणीच्या आत लाल गाठ आहे. मी तिला ती कधी शिकवली नव्हती. कोर्टाने तरी नापास करू नये.