सिलिंडरखालची दोन पॅकिंग

प्रिय दादा,

तुला जाऊन दीड वर्ष होत आलं आणि मी तुला पहिल्यांदाच पत्र लिहितोय. तेही कशासाठी, तर पॅकिंग विचारायला! हसू नको. तुझ्याच गाडीदुरुस्तीच्या दुकानात, तुझ्याच बाकड्यावर आपली टू-स्ट्रोक फटफटी उघडून ठेवली आहे. नवा पिस्टन, नव्या रिंगा, सगळं आणलंय. फक्त सिलिंडरच्या बुडाखालच्या सांध्यात कागदी पॅकिंग पातळ टाकू की जाड, तेवढं अडलंय. आर्णीत मेकॅनिक काय कमी आहेत? पण तुझा भाऊ म्हणून त्यांच्यासमोर जायची मला लाज वाटते. का, ते तुला माहीत आहे.

वहिनी दुकान रिकामं करतेय. परवा म्हणाली, "भाऊजी, गाडी आन् पान्याची पेटी तुमी घेऊन जा. मले पाहवत नाई आता." म्हणून गुरांच्या कोठ्यात पडलेली गाडी ढकलत इथे आणली. काम सुरू केलं, दहाचा पाना काढला आणि सवयीने उजवीकडे धरला. घ्यायला कोणी नव्हतं. बराच वेळ मी तसाच हात पुढे करून बसलो होतो रे!

कपाशीची पऱ्हाटी उपटलेल्या वावरातली ती शर्यत आठवते? वळणावर मी उडालो, गाडी अंगावर आली आणि गळ्याजवळचं हाड मोडलं. हाड जुळेपर्यंत गाडी तुझ्याकडे होती. परत मिळाली तेव्हा तिच्यात दमच नव्हता. आधी मूठ पिळली की पुढचं चाक उचलायची, आता चिखलातून म्हैस उठावी तशी निघायची.

"काहून दादा, काय करून ठेवलं हिचं?" मी विचारलं.

"काई नाई केलं बे. म्हातारी झाली ते."

इतक्या सरळ तोंडाने खोटं बोलता यायचं तुला? मला कधी कळलंच नाही.

मग मी जे केलं ते लिहायला हात धजत नाही, पण लिहितो. स्टँडजवळच्या चहाच्या टपरीवर, तुझीच गिऱ्हाइकं बसलेली असताना, मी मोठ्याने म्हणालो, "दादाचा हात गेला आता. त्याच्याजवळ गाडी देऊ नका बाप्पा!" सगळे हसले. मीही हसलो. वीस वर्षं पाना धरलेल्या माणसाला त्याच्या सख्ख्या भावाने असं म्हणावं! नंतर गाडी कोठ्यात फेकली आणि तुझ्या दुकानाची पायरी सोडली.

तुला कावीळ झाली तेव्हा आलो भेटायला. तू डोळे उघडून एवढंच विचारलंस, "गाडी चालवतो काय?" मी म्हटलं, "नाही, उभीच आहे." तू म्हणालास, "बरं हाय." मला वाटलं टोमणा मारलास. तोंड फिरवून बसलो. आपलं शेवटचं बोलणं ते.

आज सकाळी सिलिंडर वर उचलला, दादा. खाली एक नाही, दोन पॅकिंग निघाली. एकावर एक, तेल पिऊन काळी पडलेली, पण कापलेली अशी सफाईने की एका भोकाचा काठही फाटलेला नाही. तो हात मी ओळखणार नाही? तूच शिकवलं होतंस ना, पॅकिंग जाड झालं की सिलिंडर वर उचलला जातो, दाब उतरतो, गाडीची उसळी मरते. चुकून दोन टाकणारा माणूस तू नव्हेस.

तशीच ती हातात घेऊन घरी गेलो. वहिनी भाकरी थापत होती. तिने एकदाच पाहिलं.

"मले माहीत होतं," ती म्हणाली. "ते म्हणत, गज्या चिडला तं चिडू दे, पण पडाचा नाई आता. टपरीवरचं तुमचं बोलणं कानावर आलं, त्या दिवशी जेवले नाईत. मी म्हटलं, सांगून द्या ना त्याले. तं म्हणे, सांगितलं तं तो काढून फेकीन."

खरं आहे. काढूनच फेकली असती. तरी एकदा सांगायचं होतंस की! दोन शिव्या हासडायच्या होत्या! सगळ्या गावात हात गेलेला म्हणवून घेतलंस आणि गप्प राहिलास. असं कुणी करतं का?

परत दुकानात आलो. यवतमाळहून आणलेलं पातळ पॅकिंग बसवून पाहिलं. पिस्टनच्या डोक्यावर किती जागा उरते ते पाहायला तुझ्या रीतीने प्लगच्या भोकातून सोल्डरची, म्हणजे डाख द्यायची मऊ तार आत सोडली, किक दाबली आणि चेपलेलं टोक मोजलं. माप बरोबर आहे. पातळ टाकलं तर गाडी पहिल्यासारखी उसळेल. एकदाच ती उसळी पाहावी, असं फार वाटलं. खोटं कशाला बोलू?

पण मग तुझ्या पेटीतली पॅकिंग कापायची शीट काढली. तुझी दोन तर परत चढवता येत नाहीत. "उतरलेलं पॅकिंग पुन्हा लावाचं नसते," तू शंभरदा ओरडला असशील. म्हणून त्यांच्यावरून नवी कापायला बसलो. सिलिंडरच्या काठावर शीट धरून हातोडीने हळूहळू ठोकत. पहिलं फाटलं. दुसरं तिरपं गेलं. तिसरं आणि चौथं जमलं, पण तुझ्याइतकं नाही.

दोन्ही टाकतोय, दादा.

आणि शब्द देतो. गाडी सुरू झाली की पहिली नेणार ती स्टँडजवळच्या टपरीवर, म्हशीच्या चालीने. तीच माणसं बसलेली असतील. तुझी ती काळी दोन पॅकिंग त्यांच्यासमोर ठेवीन आणि तेव्हा बोललो होतो त्याहून मोठ्याने सांगीन, "दादाचा हात गेला नव्हता. मले जपाले त्यानं असं केलं होतं."

कुणी हसलं तर हसू दे. त्या दिवशी मीही हसलो होतो.

तुझा न पडणारा,
गज्या