त्या दिवशी साखर ठीक होती

नाना, आज कंपनीला सुट्टी आहे आणि आई मळ्यात शेवंती तोडायला गेली आहे. घरात मी एकटाच. फोन उलटा करून ठेवलाय, कारण त्यात एका मुलीचा मेसेज तीन दिवसांपासून उत्तराची वाट बघतोय, आणि मी तिला उत्तर द्यायचं सोडून तुम्हाला लिहीत बसलोय. तुम्ही गेलात तेव्हा मी तेरा वर्षांचा होतो, आता चोवीसचा आहे. तुम्ही असता तर सगळ्यात आधी विचारलं असतं, "किती आली?" सगळे तेच विचारतात. आई, मामा, दवाखान्यातले डॉक्टर, सगळे साखरेचा आकडा विचारतात. आकडा चांगला आला की मी चांगला, वाईट आला की मी काहीतरी चोरून खाल्लेलं. एकदाच एका नव्या डॉक्टरबाईंनी वही बाजूला ठेवून विचारलं होतं, "आणि मन कसं आहे तुझं?" "ठीक," म्हणालो आणि बाहेर येऊन पार्किंगमध्ये रडलो.

पाचवीत असताना मी मळ्यातल्या पाइपला तोंड लावून पाणी पीत सुटायचो आणि आठ दिवसांत चड्डी कमरेवर राहीना, तेव्हा आईला वाटलं नजर लागली. दवाखान्यात मधुमेह निघाला. तिथून घरी आणलं त्या संध्याकाळी तुम्ही साखरेचा डबा उचललात आणि शेजारच्या काकूंना देऊन आलात. आई म्हणाली, "अहो, देवाच्या नैवेद्याला तरी राहू द्या चिमूटभर." तुम्ही म्हणालात, "देव समजून घेईल. आजपासून या घरात कोणी गोड खायचं नाय. पोरानं एकट्यानं का सोसायचं?" दुसऱ्या दिवशीपासून सगळे बिनसाखरेचा चहा प्यायला लागलो. पाहुणे आले तरी तोच. आत्या एक घोट घेऊन म्हणाली होती, "दादा, हा चहा हाय का काढा?" तुम्ही हसलात. मी नाही हसलो. तुम्हाला वाटायचं की सगळ्यांनी वाटून घेतलं म्हणजे माझं ओझं हलकं होईल. मला मात्र वाटायचं, या घराचं तोंड माझ्यामुळे कडू झालंय. हे मी तेव्हा कोणाला बोललो नाही. दहा-अकरा वर्षांच्या पोराला असलं बोलता तरी कुठे येतं.

मग तो दसरा. पंचवटी कारंजावर आपण झेंडू विकायला बसलोय. टेम्पोतून उतरल्या उतरल्या तुम्ही मला बोट टोचायला लावलंय, तसं तुम्ही प्रत्येक ठिकाणी लावायचा. आकडा आला एकशे पंच्याऐंशी. मी "बरी आहे" म्हणालो, तुम्ही मान डोलावली आणि गिऱ्हाइकाकडे वळलात. थोड्या वेळाने मला ढिगाशी बसवून तुम्ही "आलोच" म्हणून गेलात. बराच वेळ आला नाहीत म्हणून मी उठून बघितलं, तर टेम्पोच्या मागे चार शेतकऱ्यांत उभे राहून तुम्ही कागदावरची जिलबी खाताय. डोळे मिटून खात होता, नाना. वर्षभरात तुमचा तसला चेहरा मी पाहिला नव्हता.

मी परत आलो आणि ढिगाला लाथ घातली. एक घातली, दोन घातल्या, मग मोजलं नाही. झेंडू रस्ताभर पसरला, त्यावरून रिक्षा गेल्या, माणसं गेली. तुम्ही धावत आलात तेव्हा मी भर बाजारात ओरडलो, "खोटारडे! खोटारडा आहे माझा बाप!" तुमचा हात वर गेलेला मला आजही दिसतो. पण तो खाली आला तो माझ्या कपाळावर. शेजारची फुलवाली म्हणत होती, "दे की एक ठेवून, लय माजलंय कार्टं!" आणि तुम्ही तिला म्हणालात, "नाय मावशी, त्याची साखर उतरली. साखर उतरली की त्याला काय कळत नाय." मग हातातला जिलबीचा तुकडा माझ्या तोंडात घातलात. कोणी पाणी आणलं, कोणी वही घेऊन वारा घालायला लागलं. मघाशी मला मारा म्हणणारी मावशी माझे तळपाय चोळायला लागली.

माझी साखर उतरली नव्हती. मला सगळं कळत होतं. मी तो तुकडा हळूहळू चघळला, डोळे अर्धे मिटून घेतले, जरा मान टाकली. वर्षाने जिलबी खात होतो. तुम्ही रस्त्यावर उकिडवे बसून चुरगळलेल्या फुलांतली धड फुलं वेचत होता. त्यानंतर तुम्ही कधी त्या दिवसाबद्दल बोलला नाहीत. दीड वर्षाने बांधावर बसल्या बसल्या छातीत कळ येऊन गेलात. मी शाळेत होतो. तुम्हाला खरं कळलं होतं का, हे मला माहीत नाही. कळलं नसेल असं मी धरून चालतो, कारण दुसरं धरलं तर मला झेपत नाही.

तुम्ही मला त्या दिवशी वाचवलंत, पण त्याचं पुढे काय झालं ऐका. मी चिडलो की घरात एकच वाक्य, "साखर बघ आधी." ताटात मीठ जास्त पडलं म्हणून बोललो तरी तेच, मामाने मळ्याच्या वाटणीवरून आईला रडवलं म्हणून बोललो तरी तेच. पॉलिटेक्निकला दुसऱ्या वर्षाला हजेरी कमी भरली, कारण पंधरा दिवस दवाखान्यात होतो. दवाखान्याची फाइल घेऊन वर्गातच सरांकडे गेलो. ते म्हणाले, जमणार नाही. माझा आवाज चढला. सर वर्गाकडे बघून म्हणाले, "अरे, याला कोणीतरी बिस्कीट द्या, नाहीतर चावेल." पोरं फिदीफिदी हसली. माझी बाजू खरी होती, नाना. पण माझ्या खऱ्या रागालाही कोणी राग म्हणेना. मी फाइल त्यांच्या टेबलावर आपटली आणि निघालो तो परत गेलोच नाही. आई आजही सांगते, तब्येतीमुळे कॉलेज सुटलं. मी तिला तसं सांगू देतो.

आता अंबडला एका कंपनीत मशीनवर आहे. जिचा मेसेज आलाय ती तिथेच क्वालिटीला आहे, आम्ही मशीनवर काढलेले जॉब, म्हणजे सुटे भाग, मोजून तपासते. पहिल्यांदा माझा जॉब तिने बाजूला काढला आणि म्हणाली, "दोन दशांश जास्त आहे. घाई कसली असते रे तुला?" माझे हात थरथरले, घाम फुटला, छाती धडधडायला लागली. मी बाथरूममध्ये जाऊन बोट टोचलं. एकशे बारा. तेव्हा कळलं, हे दुसरंच काहीतरी आहे. हे तिला पुढे सांगितलं तर हसून हसून तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तेव्हापासून ती पर्समध्ये माझ्यासाठी गोळ्या ठेवते, साध्या, संत्र्याच्या. तिच्यासमोर मी पहिल्यांदा शर्ट वर करून इन्सुलिनचं पेन टोचलं, तोंड न फिरवता. आजपर्यंत कोणासमोर केलं नव्हतं.

गुरुवारी पहिली पाळी सुटली. मी गेटबाहेर वडापाव घेतला, खायच्या आधी साखर बघितली, एकशे सव्वीस. इंजेक्शन घेतलं, खाल्लं, तिची वाट बघत उभा राहिलो. ती आली आणि स्टोअरमधल्या एका पोराच्या गाडीवर बसली. तिची बस चुकली होती, नाशिक रोडला घरी पाहुणे यायचे होते आणि मी कोपऱ्यावर उभा आहे हे तिला दिसलं नव्हतं, हे सगळं नंतर कळलं. मी मधे जाऊन त्याच्या गाडीची किल्ली काढली आणि नाल्यात फेकली. तो म्हणाला, "भाऊ, येडा झाला का तू?" मी तिला सगळ्यांसमोर जे बोललो ते इथे लिहीत नाही. तुम्ही आई-बहिणीला असं कधी बोलला नाहीत.

ती ओरडली नाही. तिने पर्स उघडली, गोळी काढली, कागद सोडवला आणि माझ्यापुढे धरली. "आधी हे खा." वॉचमन काका लगेच म्हणाले, "शुगरवाला हाय तो, जाऊ द्या, जाऊ द्या." आणि मी ती गोळी खाल्ली, नाना. जरा भिंतीला टेकलोसुद्धा.

त्या स्टोअरवाल्याने तिच्या भावाला फोन केला. भाऊ म्हणतो, असल्या पोराशी संबंध नको. तिचा मेसेज असा आहे: "दादाला मी सांगितलंय की तुझी साखर उतरली होती, त्यात माणसाला काही कळत नाही. तू फक्त त्याच्याशी बोलून हो म्हण. उतरली होती ना?" आईला दाखवला तर आई म्हणते, "मग म्हण की हो. आजार तर खराच आहे, त्यात खोटं काय?"

हो म्हटलं तर ती राहील. तिचा भाऊसुद्धा कदाचित मऊ होईल, आजारी माणसाशी कोण भांडतं. पण मग पुढच्या वेळी माझ्या तोंडून तसंच काही निघेल आणि ती पर्स उघडेल. ती आयुष्यभर पर्स उघडत राहील आणि मी गोळ्या खात राहीन. आणि ज्या दिवशी मी खरंच तिच्यावर जीव टाकेन, त्या दिवशीही तिला विचारावंसं वाटेल, किती आली?

इथवर लिहून मी फोन सरळ केला आणि तिला लिहिलं, "नव्हती उतरली. एकशे सव्वीस होती." पाठवलं. आई मळ्यातून येऊन पाटी टेकवेपर्यंत काही आलं नाही. मग आलं, "म्हणजे तो तूच होतास."

प्रश्न नव्हता तो. त्यावर उत्तर द्यायची गरजही नव्हती कदाचित. पण मी द्यायला बसलो. "माफ कर" असं तीनदा लिहिलं आणि तीनदा खोडलं. मला येत नाही, नाना. तुम्हाला हे सगळं लिहू शकलो ते तुम्ही वाचणार नाही म्हणून. तिला मी नुसतं "हो" एवढंच पाठवलं आहे.