अमेरिकेतलं घर पाहणं

१२ एप्रिल ९९, सोमवार

ऊन बेकार. दुपारी कापडाच्या दुकानात चिटपाखरू नाही. दिगू गादीवरच घोरत होता. भाऊ माझा खरा, पण पहारा असा की कुणी ठाण उचलून नेलं तरी कळायचं नाही.

मी शेजारी पद्माच्या एसटीडी बूथवर जाऊन बसले. तिथे कूलर आहे, तेवढंच. पद्माने नवीन खूळ आणलंय. कॉम्प्युटरला फोनची वायर जोडलीय. हैद्राबादला फोन लागतो, मशीन किंचाळतं, आणि मग म्हणे सगळं जग दिसतं. फोनला गिऱ्हाईक आलं की जग बंद.

आज तिने परदेशातली माशांची काचेची पेटी दाखवली. "आत्ता, या घडीला पोहून राह्यले अक्का." पद्माचं माहेर वरंगलकडचं, मराठी आमच्याकडे येऊन शिकली, पण बोलते झक्कास. मी बराच वेळ पाहत होते. मासा जागचा हलला नाही. फोटो आहे, म्हटलं. ती म्हणाली, "आगंडी अक्का, थांबा, थोड्या वेळानं नवा येते." आला. मासा दुसऱ्या कोपऱ्यात.

तर काय झालं. दोन फोटो काढून ठेवले असतील.

१४ एप्रिल

जैनथहून दिगूच्या वैशूसाठी स्थळ. भीमरावांचा मुलगा श्रीकांत. हैद्राबादला कॉम्प्युटर शिकला, वर्ष झालं अमेरिकेत नोकरीला. दिगू हुरळून गेलाय, पोरीचं लग्न आजच लागल्यासारखा गल्लीभर हिंडला.

फोटो आलाय. मुलगा लाल गाडीला टेकून उभा, मागे घड्याळाचा मनोरा. रंग सावळा, नाक बरं, हसतो जरा जास्त. गाडीला टेकायला गाडी आपली असावी लागत नाही.

दिगूला म्हटलं, घर पाहिल्याशिवाय पोरगी द्यायची नाही.

"ताई, घर अमेरिकेत हाय. कसं पाह्यतं?"

"ते मले नाही माह्यत. घर नाही तर पोरगी नाही."

रागारागाने दुकानात निघून गेला. वैशू भाकरी थापत होती, मान वर केली नाही. वहिनी गेली तेव्हा ही पोर एवढीशी होती, माझा पदर मुठीत धरून झोपायची. मी तेव्हा नुकतीच कायमची माहेरी आलेली. तिला कुणी वाढवलं आणि मला कुणी सांभाळलं, हे अजून मला नीट सांगता येत नाही. तिच्या बाबतीत कुणी फसवलं तर मी गप्प बसणार नाही, एवढं खरं.

१८ एप्रिल, रविवार

जैनथला जाऊन आलो. अमेरिकेतलं नाही तर इथलं तरी घर पाहू, म्हणून. मी, दिगू आणि धाकटे काका. बसमध्ये उभं राहून कंबर मोडली.

माणसं बोलायला बरी. भीमरावांच्या बायकोने तांब्यावर पेला उपडा घालून आणला, समोर ठेवला आणि बाजूला सरून उभी राहिली. आग्रह केला नाही, रीत माहीत आहे तिला. घर पाहायला गेलेल्यांनी पाणी प्यायलं की सोयरीक पक्की, तोवर हात लावायचा नाही. काका सारखे तांब्याकडे बघत होते. मी डोळे वटारले.

मागे गोठ्यात गेले. बैलांच्या दोन जोड्या. "सोडा जरा," म्हटलं. भीमरावांना वाटलं, बाईचं डोकं फिरलं. पण सोडले. चारही बैल आपापल्या गव्हाणीशी सरळ जाऊन उभे राहिले. म्हणजे घरचेच. उसना बैल दारात घोटाळतो, त्याला आपली जागा माहीत नसते.

हे मला कोण सांगणार? माझ्या वेळी बाबांनी तीन जोड्या मोजल्या आणि गटागटा पाणी प्यायले. लग्नानंतर आठवड्याभरात शेजारी आपले बैल घेऊन गेले. जोडीला गोठ्यातली पितळेची घंगाळंही गेली. नवरा वाईट नव्हता. पण जाईपर्यंत एकदाही तोंडाने म्हणाला नाही की हो, तेव्हा तुला फसवलं. मी वाट पाहत राहिले. अजून राग येतो.

पाणी न पिता निघालो. दोन घरं सोडून एका म्हातारीकडे प्यायलो आणि तिला हळूच विचारलं. "घर चांगलं हाय बाई. पण पोरगा आता तिकडचा. तिकडचं मी काय सांगू?"

तेच तर.

२१ एप्रिल

दुपारी बूथ. एक मशीन आहे, आपण मनात जनावर धरायचं, ते प्रश्न विचारून ओळखतं. मी रोही धरला, नीलगाय म्हणतात तो. शिंगं आहेत का, गवत खातं का, पाळतात का, पद्मा वाचत गेली आणि मी उत्तरं दिली. शेवटी म्हणे जिराफ. बाजारहत्नूरच्या बाजूला शेतात रोह्यांचे कळप शिरतात आणि ह्याला रोही माहीत नाही. जगाचं ज्ञान म्हणे.

मग पत्रिका सांगणारं पान काढलं. माझी जन्मतारीख सांगितली. मग खोटी तारीख सांगितली. दोन्ही वेळा प्रवासाचा योग. पद्मा हसून हसून खुर्चीवरून पडायची बाकी होती. हसते फार. ही पोरगी मला खेळवतेय की काय?

२६ एप्रिल, सोमवार

जैनथहून चिठ्ठी. मुलाने कळवलंय म्हणे, आत्याबाईंना घर पाहायचं असेल तर नेटवर पाहता येईल. त्याच्या गावात एका बेकरीवाल्याने खिडकीत कॅमेरा ठेवलाय, चौक दिसतो. चौकातल्या उजव्या घराची वरची खोली त्याची. पान कुठलं, ते लिहिलंय.

आपणहून घर दाखवतो. आपणहून दाखवणाऱ्यांचीच मला जास्त भीती.

पद्माने पान काढलं. वरून खाली फोटो सावकाश उतरत आला, पडदा ओढावा तसा. काळोख. एक दिवा, दिव्याखाली लाल गाडी. मागे घड्याळाचा मनोरा, फोटोतलाच. उजवीकडे घर आहे खरं. वरच्या खिडकीत उजेड नाही.

चौक खरा म्हणावा लागेल. चौक उसना आणता येत नाही.

२८ एप्रिल

आज पुन्हा पाहिलं. गाडी तिथेच. काल, परवा, आज. नोकरीवाल्याची गाडी भरदुपारी घरापुढे काय करते? दिगूला बोलावून दाखवलं. पद्माने तोंडाला पदर लावला. "अक्का, तिकडं आता रात हाय. झोपले समदे."

मला लाजल्यासारखं झालं. अंधार दिसत होता डोळ्यांनी, तरी दुपार दुपार करत बसले. दिगूला तर काय, महिनाभर पुरेल एवढं मिळालं. जेवताना वैशूला म्हणाला, "तुह्या आत्यानं अमेरिकेतला सूर्य गायब केला." पोरगीही हसली.

हसा. पण सकाळ तिकडे कधी होते ते मी पद्माला विचारून घेतलंय. आपली दिवेलागण.

३० एप्रिल

देवापुढे दिवा लावला आणि थेट बूथवर. लख्ख ऊन तिकडे. माणसं चाललीत, हातात कागदाचे पेले. मुलगा कामावर गेला असणार.

गाडी तिथेच.

आता कोण हसतंय?

३ मे, सोमवार

पाहिलं. आपल्या डोळ्यांनी पाहिलं. गाडीचं दार उघडं. एक जाडा गोरा माणूस, आत अर्धा वाकलेला. पुढच्या फोटोत गाडी नाही. त्याच्या पुढच्यात नुसती रिकामी जागा. म्हणजे गाडी त्या गोऱ्याची.

खरं तर मला आनंद व्हायला हवा होता. मी म्हणतच होते. पण झाला नाही. तीन जोड्या बैल, सगळं तेच. फक्त ह्या वेळी बैल लाल.

घरी येऊन वैशूला सांगितलं. समोर बसवून, हात धरून. म्हटलं, बाई, गाडी उसनी आहे.

"मले माह्यत हाय आत्या."

"काय माह्यत हाय?"

"गाडी घरमालकाची हाय. अन् नोकरी बी सुटली त्याची. दुसरी पाहून राह्यला. त्यानंच सांगितलं."

"कवा सांगितलं?"

मग हळूहळू बाहेर पडलं. सकाळी दळण घेऊन जाते म्हणायची, ती पद्माच्या बूथवर. इकडून टाईप करायचं, तिकडून उत्तर. पंधरा दिवस होऊन गेले. गाडीचं त्याने पहिल्याच आठवड्यात सांगितलं, नोकरीचं सुटली त्याच दिवशी.

आणि पद्मा रोज मला मासे दाखवत होती.

५ मे

बूथवर जात नाही. पद्मा दारात येऊन गेली, "अक्का, कोपम का? रागावले का?" मी गहू निवडत राहिले. ती गेली.

दिगूला नोकरीचं अजून सांगितलं नाही. सांगितलं तर तो लगेच नाही म्हणेल, त्याला अमेरिकेतला नोकरदार जावई हवा होता. वैशू सारखी माझ्या तोंडाकडे बघते. रडत नाही. रडली असती तर मला सोपं गेलं असतं.

७ मे

वैशूने स्वतःच दिगूला सांगून टाकलं. मला विचारलं नाही. दिगू दुकानातून जेवायला आला आणि ताट सरकवून बसला. मग म्हणाला, "ताई, माह्यं डोकं चालत नाही. तू म्हनशील तसं. तू हो म्हन नाहीतर नाही म्हन, मी जैनथला फोन करतो."

म्हणजे सगळं माझ्या गळ्यात.

विचार करतेय. त्याने आपणहून सांगितलं. माझ्या माणसाने जन्मभर सांगितलं नाही, आणि ह्याने विचारायच्या आत. हे मोठं आहे, नाही कसं म्हणू. पण सांगितलं कुणाला? वैशूला. पोरीला सांगणं सोपं, ती तर विरघळलेली. आई-बापाने चिठ्ठीत एका शब्दाने लिहिलं नाही. त्यांना तरी माहीत आहे का? की कबुली हीसुद्धा एक...

वैशूला म्हटलं, लिही त्याला. आत्या म्हणते, रविवारी दिवेलागणीला त्या कॅमेऱ्यापुढे येऊन उभा राहा. मला तुला पाहायचंय. बाकी काही लिहू नकोस.

"बाकी काही नाही लिहत," म्हणाली. तोंड बघत होते तिचं. कळलं नाही काही.

९ मे, रविवार

पद्माकडे गेले. खुर्ची ओढून बसले. तिने कूलर माझ्याकडे वळवला. वैशू मागे उभी. दिगू बाहेर ओट्यावर, आत यायची हिंमत नाही.

लाईन दोनदा तुटली. तिसऱ्यांदा लागली. फोटो वरून उतरत आला. मनोरा, घर, रिकामी जागा, मग खाली एक माणूस. पांढरा सदरा. तोंड बोटाच्या नखाएवढं, नाक-डोळे काही कळत नाही. हा तोच कशावरून? माणूसही उसना आणता येतो. तसं म्हणणारच होते, तेवढ्यात हातांकडे लक्ष गेलं. दोन्ही हात पुढे, त्यात काहीतरी चकाकतंय.

"चहा हाय काय?" पद्मा म्हणाली.

चहा नव्हे. तांब्या. वर पेला उपडा.

नवा फोटो आला. तो तसाच उभा, येणारीजाणारी माणसं त्याला वळसा घालून चाललीत. एका बाईने मान वळवून पाहिलंय. भर चौकात, त्या थंड गावात, तांब्या घेऊन उभा. त्याच्या पुढच्या फोटोत तांब्या समोर दगडी पायरीवर, आणि तो बाजूला सरून उभा. हात बांधून. आग्रह न करता. त्याच्या आईसारखाच.

माझे डोळे भरून आले, ते मी चष्मा पुसायचं निमित्त करून लपवले.

वैशूला विचारलं, "तू शिकवलं त्याले हे?"

"नाही आत्या."

"खरं सांग."

"आईची शप्पथ."

तिच्या आईची शपथ ती कधी घेत नाही. मला माहीत आहे ते. पण पोर प्रेमात पडली की काय सांगावं. आणि पद्माने लिहिलं असेल तर? पद्मा आता रीतभात सगळी शिकली आहे आमची. तिच्याकडे पाहिलं, तर ती उठून माठाकडे गेलेली. पाण्याचा पेला भरून आणला आणि मशीनशेजारी माझ्यापुढे ठेवला. बाजूला सरली.

"गर्मीत बसले ना अक्का," एवढंच म्हणाली.

तेवढ्यात करंट गेला. तो चौक, तो मुलगा, सगळं एकदम काळं. तिकडे तो उभाच असेल अजून, इथे दिवे गेलेत हे त्याला कसं कळणार. बाहेरून दिगूचा आवाज, "ताई? काय मग? जैनथचे फोनपाशी बसले असतील."

थांब म्हटलं. पेला उचलला, सांडू न देता घरी घेऊन आले.

कंदिलाजवळ लिहितेय. पेला समोर आहे. दिगू ओट्यावर येरझारा घालतोय. वैशू दारात येऊन दोनदा पाहून गेली, पेल्याकडे, मग माझ्याकडे. पद्माचा पेला आहे, उद्या परत करायला लागेल, भरलेला का रिकामा ते अजून...

घसा सकाळपासून कोरडा आहे. तहान खरी आहे, एवढ्याबद्दल शंका नाही.