साडूंची कासवे आणि माझी दुर्बीण

रविवार, चैत्र शुद्ध पंचमी. सायंकाळ.

आमचे साडू दिनकरराव, वैजापूरचे कांद्याचे अडते, कोकणातून कृतार्थ होऊन परतले आणि नेलेली माझी दुर्बीण द्यायला आज उस्मानपुऱ्यात आमच्या घरी आले. तिच्या मधल्या चाकात वाळू. फिरवले की करकरते.

या कुटुंबात निसर्गप्रेमी हे पद आजवर निर्विवाद माझे. जायकवाडीच्या काठी पहाटे कुडकुडत पाणपक्ष्यांचे दर्शन घेतले ते मी. आणि ज्या गृहस्थाने आजन्म चिमणीकडेही मान वर करून पाहिले नाही, त्याला पहिल्याच फेरीत वाळूवरून समुद्राकडे निघालेली कासवाची पिल्ले दिसावीत? हा कोणता न्याय?

“दुर्बीण लागलीच नाय, भाऊसाहेब,” ते म्हणाले. “पिल्लं पायापाशीच व्हती. अंडी राखणारी गावातली पोरं टोपलीतून पाण्याच्या अलीकडंच सोडतेत, पुढं त्यांचं त्यांनी चालायचं. लई गोड!”

लागलीच नाही! म्हणजे नुसती वाळूत लोळवली.

सौभाग्यवती त्यांना दुसरा चहा देत विस्फारित नेत्रांनी ऐकत होत्या. माझे पाणपक्षी त्यांनी सदैव मेथी निवडता निवडता ऐकले आहेत.

“पुढच्या साली चला आमच्यासंगं,” दिनकरराव उठता उठता म्हणाले. “मी दाखवतो तुम्हाला.”

मला! दाखवणार! ‘विचार करू’ असे धीरगंभीर उत्तर मी दिले. ते जिना उतरू लागले. मी ते करकरणारे चाक फिरवत क्षणभर बसलो, आणि मग अनवाणीच खाली धावत जाऊन विचारले, “पिल्लं सकाळी सोडतात की संध्याकाळी?”