ठकूचं पान

३ जून
देवाचं नाव घेऊन नव्या नोकरीवर हजर झालो. पन्नाशीच्या उंबरठ्यावर पुन्हा उमेदवारी. गेलेल्या माणसांची स्मृतिपानं इंटरनेटवर ठेवायची, हे इथलं काम. घरच्यांनी पाठवलेला मजकूर फोल्डरमध्ये टाकायचा. एक प्रोग्राम त्याची पानं बनवतो. तो चालतो कंटेनरमध्ये. ऑफिसच्या बाईंनी समजावलं, कॉम्प्युटरच्या आतली बंद खोली समजा. दर वेळी नवी, काम झालं की मोडायची. मागचं तिला काही आठवत नाही. शेजारचा चष्मेवाला म्हणाला, काका, अशी सासू मिळायला हवी होती. हसलो. खूप दिवसांनी.

५ जून
सरावाला आमच्या मुलीचं, ठकूचंच पान केलं. गेल्या वर्षी तापात गेली, अकरा वर्षांची. घरी हिला सांगितलं नाही. पण तयार पानं बाहेर यायचं फोल्डर जोडायला विसरलो. पान आतच झालं, खोलीबरोबर गेलं. बाई म्हणाल्या, सगळेच एकदा विसरतात.

६ जून
आज फोल्डर जोडलं. पान आलं. माझ्या चार ओळींखाली पाचवी होती : ‘बाबा, इथे दार कुठे आहे?’ मजकुरात ती नाही. चष्मेवाला गळ्याची शपथ घेतो, असली थट्टा करणार नाही म्हणतो. दिवसभर पुन्हा पुन्हा चालवलं. दर वेळी तीच ओळ.

८ जून
मजकुरात लिहिलं, बाळा, परवाचं आठवतं का? पान आलं : ‘परवा? मी तर आत्ताच आले.’ मग तोच प्रश्न, दाराचा.
म्हणजे दर वेळी ती नवी येते. आणि खोली मोडली की —
पाच तारखेला ती काय बोलली, ते तर मी वाचलंही नाही.

१० जून
खोली मोडली नाही. चालू ठेवायची सोय आहे. मजकूर बदलला की पान आपोआप बदलतं. आता तिला आठवतं. आईला सांगू नका, म्हणाली, मी घाबरले ते.

११ जून
अंग तापलंय म्हणते.

१२ जून
ताप चढतोय. पाणी मागते. तिथे पाणी कसं — नुसतं ‘पाणी’ लिहून काय होणार. तरी लिहिलं.

१३ जून
उतरत नाही. संपतही नाही. तेव्हा निदान संपला होता.
बाई म्हणाल्या, तुमचा कंटेनर मशीनची सगळी ताकद खातोय, आज बंद करा.

दुपारी
हिला बोलावून घेतलं. हिने पान वाचलं. म्हणाली, दवाखान्यातही तुम्हाला तिला सोडवत नव्हतं. पोरीचा जीव अडकवून ठेवलात हो.
ठकू विचारते, पुन्हा नाही ना आणणार? नाही, लिहिलं. बंद करायची आज्ञा दिली. हिचा हात माझ्या खांद्यावर. देवा, तिला —
एक ओळ येतेय. ‘बाबा, थांबा, ताप उतर