दुसऱ्या तारेचा खटका

९ नोव्हेंबर, रविवार

त्या सकाळी मी दारात सूप घेऊन सुकट निवडत बसले होते. भाकऱ्या झाल्या होत्या. नळ जायच्या आत पिंप भरून झालं होतं. हे आत भांड्यांच्या कपाटाला गिटारचं शिंग, म्हणजे पोटाचं वरचं टोक, टेकवून वाजवत होते. अँप लावला की खालच्या मजल्यावरचे भांडायला येत, म्हणून ही युक्ती. विजेच्या गिटारला स्वतःचा आवाज नसल्यासारखाच, पण लाकडाला टेकवली की कपाटच बोलायला लागतं. मी ओरडले, "ताटं पडतील!" हे म्हणाले, "ताटांना आवडतंय."

एवढंच. विशेष सकाळ नव्हती. पण हे गेल्यापासून आठवायला बसलं की तीच येते. स्टेजवरची एकही नाही.

आज कपाट पुसताना शिंगाने पडलेला खळगा हाताला लागला, म्हणून लिहिलं.

१२ नोव्हेंबर, बुधवार

प्रकाश आला. यांच्या ऑर्केस्ट्राचा कीबोर्डवाला, मालकही तोच. तुळशीचं लग्न झालं, आता हळदींचे कार्यक्रम सुरू.

"वैनी, बेस गिटार नुसती पडून हाय. मना द्या ना. नवीन पोरगा घेतलाय, त्याची गिटार पत्र्यावानी वाजते."

विचार करते म्हणाले.

"इचार काय कराचा? वाजवनारा त गेला." चहा बशीत ओतून प्याला, बशी मोरीत ठेवून गेला. पूर्वी कधी उचलत नसे.

गव्हाणकडची जमीन सरकारात गेली, पैसे आले, तेव्हा भावकीने गाड्या घेतल्या, एकाने घराला सोनेरी दरवाजा केला. यांनी ही गिटार घेतली, परदेशी बनावटीची, पाच तारांची. लोक विचारायचे, "जमिनीचं काय केलंस?" हे म्हणायचे, "तारेचं कुंपण घातलं."

प्रकाश निघून गेल्यावर अँप लावून पाहिला. यांनी शेवटची ठेवली तशीच ती स्टँडवर आहे, केबलसकट. मी वरून धूळ तेवढी पुसते. तारेला बोट लावलं. आवाजच नाही. बटणं फिरवली. नाही.

माझ्या हातून मेली की काय? दिवसभर तेच.

१६ नोव्हेंबर, रविवार

जावयाच्या ऑफिसातला अनिकेत गिटार बघायला आला. नवीन पनवेलला राहतो, सुट्टीच्या दिवशी हॉटेलांत बँडबरोबर बेस वाजवतो. गिटार पाहून बूट काढायचे विसरला. मग आठवलं, परत दारात गेला.

"काकू, हे काय आहे माहितीये का तुम्हाला?"

"गिटार."

हसला. मग सांगत बसला. मान आणि पोट एकाच लाकडातून काढलंय, जोड नाही. तारांखालचे आवाज पकडणारे पिकअप नंतर बदललेत, ते कोणीतरी फार समजून बदललेत. "काकांनी?" म्हटलं, हो, एकदा आठवडाभर माझ्या जेवणाच्या टेबलावर पोट उघडून पडली होती. जेवलो आम्ही खाली बसून.

आवाज का नाही ते मिनिटात सापडलं. पाठीवर झाकण आहे, आत चौकोनी बॅटरी. केबल खोचलेली असली की बॅटरी चालूच राहते. "वाजवून झालं की केबल काढायची असते, काकू." म्हणजे यांनी ठेवली तशी राहू दे म्हणून मी ठेवली, आणि तीच आतून संपत होती.

त्याने आपल्या बॅगेतली बॅटरी घालून वाजवलं. ताटं वाजली. मी उगाच स्वयंपाकघरात जाऊन आले.

मग त्याला खटका दिसला. दुसऱ्या जाड तारेच्या खुंटीला यांनी बसवून घेतलेला. खाली ओढला की तार ढिली होते, सूर उतरतो. वर केला की जागेवर. असा खटका असतो म्हणे, पण तो एका ठरलेल्या सुराला थांबतो. हा भलतीकडेच थांबतो. फोनवर सूर मोजून दाखवला. काटा दोन सुरांच्या मधोमध. "इथे काहीच नाहीये, काकू. या जागेला नावच नाही."

मागे बारीक स्क्रू आहे, खटका कुठे थांबायचा ते ठरवणारा, शेजारी पट्टीवर लाल रेघा, एकीखाली एक. त्याला वाटतं यांचा अंदाज चुकत गेला असेल. माझी लाल नेलपॉलिश आहे ती. मी एकदाच लावली होती, भाचीच्या लग्नात. मग बाटली दिसेनाशी झाली.

त्याला गिटार हवी आहे. जपेल, दिसतंच. पण खटका काढून मूळची खुंटी लावणार. पुढचा नाही, त्याच्या पुढच्या रविवारी सांगते म्हणाले.

जाताना बॅटरी काढून घेतली. "सॉरी काकू, संध्याकाळी शो आहे."

१७ नोव्हेंबर, सोमवार

वाचनालयातून ध्वनीवरचं पुस्तक आणलं, शाळेच्या पोरांसाठीचं. मी सातवी शिकलेली. पुढचं सगळं असंच, हाताला येईल ते वाचून. दोन सूर जवळजवळ असले पण एक नसले, तर आवाज थरथरतो. जुळत आले की थरथर मंदावते. जुळले की थांबते. हे वाक्य तीनदा वाचलं.

नाव नसलेल्या जागेशी यांना काय जुळवायचं होतं?

१९ नोव्हेंबर, बुधवार

प्र.ला फोन केला. खटका कशाला होता?

"त्यो? डोक्याला ताप! आमी लय शिव्या देलेल्या त्याला. आमचा साउंड चेक सुरू आनि ह्यो घरात जाऊन बसाचा, धवलारनीजवल. ती धवले बोलते ना, तिच्या खाली ह्यो गप एक सूर धरून बसाचा. तिचा धवला झाला का खटका वर, नि आमच्यात."

"मग तिला कीबोर्डच्या सुरात गायला सांगायचं."

"हिरायला? तुमी सांगा बरं जाऊन!"

हिराय गव्हाणची धवलारीण, धवले म्हणजे लग्नविधीची गाणी गाऊन लग्न लावणारी. आमच्या घरातली सगळी लग्नं तिच्याच धवल्यांनी लागली, माझंही. साथीला पेटी नाही, ढोल नाही. ती म्हणेल तो सूर. ती गात असताना हे तिच्या सुराखाली वाजवायचे, आणि मला ठाऊक नव्हतं. मी तेव्हा बायकांत, हळद लावण्याच्या गडबडीत.

२० नोव्हेंबर, गुरुवार

गव्हाणला गेले. अनिकेतने त्या सुराचं रेकॉर्डिंग पाठवलं होतं, ते फोनवर हिरायला ऐकवलं. टक टक आणि बारीक किणकिण. बाकी काही नाही.

"ह्यो काय, पाल चुकचुकली?"

परत वाजवलं. "नाय गो बाय. त्याचा सूर कानात नाय याचा. पाटावर बसलेली असले त पाटातून मांडीत याचा. ह्या डबीत कसा मावल?"

येताना अनिकेतला फोन केला. म्हणाला, बरोबर आहे, एवढा खालचा सूर फोनच्या स्पीकरला काढताच येत नाही. मग सगळं विचारून घेतलं, धवला म्हणजे काय, किती वेळ चालतो. थोड्या वेळाने त्याचाच परत फोन. "काकू, मी खटका नाही काढणार. पण खरं सांगतो, हळदीला मी नाही वाजवणार. तेवढा वेळ उभं राहणं, तो आवाज... नाही जमणार."

खरं बोलला. प्रकाशकडचा नवा पोरगा हळदीला वाजवेल, पण खटका त्याला कशाला लागतोय? पहिल्याच आठवड्यात मोडेल. ज्याच्याकडे जपली जाईल तिथे हिराय नाही. हिराय जिथे आहे तिथे जपणार कोण?

२४ नोव्हेंबर, सोमवार

शनिवारी गिटार गोधडीत गुंडाळून रिक्षाने गव्हाणला नेली. रिक्षावाला म्हणाला, "मावशी, आजारी हाय काय कोन?"

हिरायच्या घरात लाकडी पलंग आहे. तिला त्यावर बसवलं, शिंग पलंगाच्या खुराला टेकवलं, मी खाली जमिनीवर. खटका खाली ओढला आणि तार सोडली. पलंग घुमला. हिरायने डोळे मिटले आणि धवला सुरू केला.

थरथर. मला मांडीत लागत होती, पुस्तकात लिहिली आहे तशीच. हिराय थांबली.

"लागत नाय. माजा आवाज उतरला, बाय. दर सालाला उतरतो. तो लग्नसराईच्या आधी याचा, इथंच बसाचा, तुज्याच जागेवर. मी बोलाचे नि तो पिलाचा." तिने बोटांनी स्क्रू पिळून दाखवला.

म्हणजे त्या लाल रेघा. एकेका वर्षाचा हिरायचा आवाज. अंदाज चुकलेला नव्हता.

पेचकस बरोबर नव्हता. हिरायने सुरी दिली, मासे करायची. ती म्हणत राहिली, मी स्क्रू पिळत राहिले. आधी जास्त झालं, थरथर वाढली. परत उलटं. मंदावली. अजून थोडं. मग एकदम काहीच नाही, नुसता आवाज, तिचा की गिटारचा कळेना. ती थांबली नाही, धवला पुरा केला. मी तार सोडत राहिले, कारण सूर विरला की ती परत सोडावी लागते.

नवी रेघ ओढायला काही नव्हतं. नेलपॉलिश यांनी कुठे ठेवली ते अजून सापडलेलं नाही.

हिराय म्हणाली, "मंग? यंदा कोन धरनार?"

"बघू."

"तूच धर. एक त सूर हाय."

"मी हळदीत कशी येऊ, आये?"

"मी कशी जाते? माजाबी कपाल मोकलाच हाय. मना कोन नाय बोलतं." मग म्हणाली, "बोलंल त बोलंल."

मी गिटार गोधडीत गुंडाळली. वाटेत प्र.चा फोन येत होता, घेतला नाही.

दुसऱ्या दिवशी बाजारात जाऊन चौकोनी बॅटरी आणली. पाठीवरचं झाकण उघडून बसवली. वाजवून पाहिलं, आणि झाल्यावर केबल काढून ठेवली.